हरणीची मान

माझ्या लग्नात माहेराहून सासरी, कोरीटला, दोघी जणी आल्या. एक मी, दुसरी हरणी. हरणी म्हणजे माझ्या वडिलांची, छगनभाईंची, पांढरी घोडी. मला पंधरावं लागलेलं, तिला दहावं. उंबऱ्यात पाऊल पडताच आम्हा दोघींना घराचा रिवाज सांगण्यात आला. सुनेनं मान वर करायची नाही आणि घोडीनं मान खाली घालायची नाही. १९३० सालची ही गोष्ट. तो रिवाज पाळायला लावणारं आता कोणी उरलेलं नाही, म्हणून मोकळेपणानं सांगते.

सुनेचा रिवाज लांबलचक होता. सासरे ओट्यावर असतील तर मागच्या दारानं जायचं. सासऱ्यांच्या खाटेला शिवायचं नाही. सासरे ज्या गाडीत बसतील त्या गाडीत सुनेनं बसायचं नाही, मग गाडीत पसरून निजण्याइतकी जागा का असेना. घोडीचा रिवाज त्या मानानं सुटसुटीत, पण जास्त दुखणारा.

सासरे रूपचंद पाटील उंचीनं बेताचे. ती कसर त्यांनी पगडीत आणि घोडीत भरून काढली होती. "घोडीनी मान खाल गई, ते मन्ही पगडी खाल गई," असं ते चारचौघांत सांगत, आणि चहा त्यांचा असल्यामुळे चारचौघे माना डोलवत. हरणीची गव्हाण त्यांनी छातीएवढ्या उंच ओट्यावर बांधून घेतली. पाणी पाजायचं तर नोकरानं बादली दोन्ही हातांनी वर उचलून धरायची. नदीला तोंड लावून पाणी प्यायची तिला बंदी, कारण नदीवर गाव बघतं. शिवाय रोज चार-सहा तास लगामाला दोर बांधून तो ठाणावरच्या, म्हणजे घोडी बांधायच्या जागेवरच्या, वाशाला ताणून ठेवायचा, म्हणजे मान ताठ ठेवायची सवय होते. चार-सहा तास वाशाला बांधल्यावर सवय कोणालाही होईल. पाटलांनाही झाली असती.

पण पाटलांना त्याची गरज नव्हती. ते स्वतःच कधी वाकत नसत. धोतराचा सोगा खाली लोळला तर तो उचलायला माणूस असे आणि पायातले जोडे माझे यजमान शांतीलाल काढत. शांतीलाल हा या घरातला सर्वांत वाकलेला प्राणी, पण तो मुलगा असल्यामुळे त्याच्या मानेची चर्चा होत नसे. घोडीला शांतीलाल घाबरत. वरातीत एकदा बसले तेवढेच, आणि तेव्हाही डोळे मिटून.

माझे वडील हरणीवर बसत तेव्हा हातात दुधानं काठोकाठ भरलेला पेला धरत आणि रेवाल चालीनं सगळा बाजार फिरून येत. रेवाल म्हणजे घोडं झपाझप चालतं, पण वर बसलेल्याला हिसका म्हणून लागत नाही. दुधाचा थेंब सांडत नसे. मीही लहानपणी त्यांच्यापुढे बसून फिरले आहे. हरणीची मान तेव्हा मोकळी असायची, लांब सोडलेली, पाठ भरलेली. माझ्या लग्नानंतर दीड वर्षानं वडील गेले. माहेरी भावजयींचं राज्य आलं, माझं जाणं-येणं सुटलं. माहेरचं म्हणून माझ्याजवळ एकच जिवंत वस्तू उरली आणि ती वाशाला बांधलेली होती.

दोन वर्षांत हरणीची रया गेली. पाठ मधोमध खोलगट झाली, पोट खाली सुटलं. आयाळीखालचं मांस आटलं आणि गळ्याच्या बाजूचं फुगून लाकूड झालं. मागचे पाय मागेच रेंगाळायचे, पुढचे ठेचकाळायचे. मान मात्र आकाशात. पाटील तिच्यावर बसून निघाले की लांबून फार रुबाबदार दिसत. जवळून त्यांच्या दातांचा कडकडाट ऐकू येई, कारण घोडी आता हाडं खिळखिळी करत चाले.

दत्तजयंतीला सारंगखेड्याची यात्रा भरते. घोड्यांचा बाजार असा की दहा गावचे पाटील आपली अब्रू तिथं चालवून दाखवतात. त्या साली हरणी ऐन बाजारात ठेचकाळली आणि पाटील तिच्या मानेवरून पुढे घसरले. पगडी धुळीत गेली. समोर नेमके दोधू पाटील उभे होते. हे शहाद्याकडचे, माझ्या वडिलांचे जुने स्नेही.

"रूपचंदभाई," ते म्हणाले, "हाई छगनभाईनी हरणी शे? का टांगानं घोडं लई उनात?"

लोक हसले. सासऱ्यांनी पगडी झटकली आणि माझ्या वडिलांसारखा भरला पेला घेऊन सगळा बाजार फिरायची पैज तिथल्या तिथं बोलून बसले. "येता साल भरेल पेला हातमा धरीसन हाऊ बठा बजार फिरसू. थेंब सांडना ते घोडी अठेच टांगावालाले देई टाकसू."

नंदुरबार स्टेशनावरची टांग्याची जनावरं मी पाहिली होती. त्यात हरणी दोन वर्षं टिकली तरी पुष्कळ. मी घरी येऊन रडले. चुलीपुढे रडण्याची एक सोय असते, धुरामुळे कोणी कारण विचारत नाही.

पाटलांनी मात्र लगेच उपाय केला. वाशाचा दोर आणखी दोन बोटं आखडला.

हरणीचा मोतद्दार, म्हणजे तिची निगा राखणारा, बाज्या होता. सातपुड्यातला साठीचा भिल्ल. तरुणपणी एका गढीच्या पागेत तो म्हाताऱ्या चाबूकस्वाराच्या, म्हणजे घोडी शिकवणाऱ्याच्या, हाताखाली राबला होता. घोड्यांतलं त्याला जे कळत होतं त्याच्या पासंगालाही आमचं घर पुरत नव्हतं, पण ते सांगण्याची त्याची पायरी नव्हती. तरी त्यानं एकदा धीर केला. "पाटील, मान वर बांधी का पाठ खाल बसस. दोर सोडी टाका."

"घोडी मन्ही शे का तुन्ही?" पाटलांनी विचारलं. याला उत्तर नसतं, म्हणून ते विचारलं जातं. बाज्यानं घोडीवर बसायचं नाही, तिला हातानं धरूनच फिरवायचं, असाही एक नियम होता. नोकर पाटलांच्या घोडीवर बसलेला कोणी पाहिला तर पगडी पुन्हा खाली गेली असती.

दुपारी जेवण झालं की पाटील ओट्यावर घोरत. एका दुपारी मी मागच्या दारात भांडी घासत होते. बाज्यानं हळूच दोर सोडला, हरणीला खळ्यात दहा-पंधरा फेऱ्या फिरवलं, मग तिच्या बाजूला उकिडवा बसला आणि भाकरीचा तुकडा तिच्या छातीशी धरला. तिनं मान खाली करायचा प्रयत्न केला आणि वीतभरावरच अडकली. मान खाली जातच नव्हती. मला ते बघवेना.

मी दाराआडून विचारलं, "बाज्याबा, काय करी ऱ्हायनात?"

तो माझ्याकडे न बघता म्हणाला, "माय, मानुस उठीसन आंग मोडस का नही? घोडीले बी मोडानं ऱ्हास. हिले कोनी मोडूच देत नही." मग म्हणाला, "भाकरवर ती वाकत नही. गूळ ऱ्हाता ते वाकती."

या घरात मी केलेली पहिली चोरी ती. रोज सुपारीएवढे सात-आठ खडे ढेपेतून निघू लागले. सासूबाई तापीबाईंनी मुंग्यांना शिव्या घातल्या आणि ढेप दुसऱ्या डब्यात हलवली. मी तोही डबा शोधला.

बाज्याचं काम बघण्यासारखं होतं. थंड्या अंगाला ताण द्यायचा नाही, म्हणून आधी फेऱ्या. मग गुळाची मूठ छातीशी, छातीवरून गुडघ्यांच्या मधे, तिथून खुरांपाशी. मग डाव्या बरगडीला, मग उजव्या, म्हणजे मान वळवून तिनं आपलीच कूस हुंगावी. प्रत्येक ठिकाणी दहा मोजेपर्यंत थांबायचं. बाज्याबाला मोजता दहापर्यंतच येत होतं आणि तेवढं पुरत होतं. मग पुढचा पाय गुडघ्यामागून धरून अलगद पुढे, मागचा पाय अलगद मागे. शेवटी पोटाखाली मधोमध बोटं दाबत न्यायची, की बसलेली पाठ आपोआप वर यायची. हरणी तेव्हा डोळे अर्धे मिटून लांब श्वास सोडायची.

"वढानं नही," तो पुटपुटायचा. कोणाला सांगायचा कोण जाणे. "आंग देई तेवढंच लेवानं."

पहिला पंधरवडा ती छातीच्या खाली आली नाही. उन्हाळ्यात गुडघ्यांपर्यंत आली. पोळ्याच्या सुमारास तिनं खुरांपाशी ठेवलेला गुळाचा खडा उचलला आणि बाज्याबानं माझ्या दाराकडे एकदाच बघितलं. दाराआड मीही काही स्वस्थ नव्हते. कोणी नाही असं बघून मीही मान मागे टाकायची, डाव्या खांद्याकडे न्यायची, उजव्या खांद्याकडे न्यायची आणि दहा मोजायची. तीन वर्षांत मी त्या घराचं आढं पहिल्यांदा नीट पाहिलं. जळमटं पुष्कळ होती.

मग एक दिवस पाटलांची झोप लवकर मोडली. ते मागच्या अंगणात आले तेव्हा हरणीचं तोंड दोन गुडघ्यांमधे होतं आणि समोर बाज्या बसला होता.

"मन्ही घोडी नोकरना पाय पडस?" पाटलांचा आवाज इतका बारीक मी कधी ऐकला नव्हता. त्यांनी बाज्याला तिथल्या तिथं काढून टाकलं, दोर हातात घेतला आणि घोडीला धडा शिकवायला म्हणून यात्रेनंतर पहिल्यांदाच तिच्यावर बसून निघाले.

तासाभरानं परत आले. दातांचा कडकडाट झाला नव्हता. पाठ दुखत नव्हती. दोन वर्षांत पहिल्यांदा ते घोडीवरून उतरून सरळ चालत घरात आले. रात्री जेवताना म्हणाले, "मी तिले जराखी ढील दिधी, म्हनीसन चाल सुधरनी." शांतीलाल म्हणाले, "हो." सासूबाईंनी त्यांच्या ताटात भाकरी वाढली.

दुसऱ्या दिवशी बाज्याला परत बोलावणं गेलं, पण एका अटीवर. घोडीला वाकवायचं ते कोणाच्या नजरेस पडता कामा नये. ठाणाभोवती तरटाचा पडदा लागला. आता आमच्या घरात पडद्यात दोघी झालो. पाटील रोज पडद्याच्या फटीतून एक डोळा लावून बघत आणि ओट्यावर येऊन सांगत, की मी घोडीवर मेहनत घेतोय. आठवड्याभरात ते त्यांना स्वतःलाही खरं वाटू लागलं.

दत्तजयंती आली. पाटील हरणीवर, बाज्या तिच्यामागे पायी, आणि दमणीत, म्हणजे आमच्या छपराच्या बैलगाडीत, सासूबाई आणि मी. गाडी शांतीलाल हाकत होते. आम्ही दोन दिवस मुक्काम केला. कोरीटच्या बाकीच्या गाड्या पहिल्या दिवशीच परतल्या होत्या. दमणी बाजाराच्या कडेला निंबाखाली सोडलेली, आणि मी पडद्याला बोटभर भोक पाडून डोळा लावून बसलेली. टांगेवाला खरंच आला होता. हातात दोरी घेऊन उभा होता.

पाटलांनी पेला काठोकाठ भरून घेतला. हरणी निघाली. मान पुढे सोडलेली, पाठ भरलेली, मागचे पाय पोटाखाली येत होते. माझे वडील बसायचे तश्शी चालली. सबंध बाजार फिरून ती परत आली तेव्हा पाटलांनी पेला उलटा करून दाखवला आणि दूध तेव्हा कुठं जमिनीवर पडलं. टांगेवाल्यानं दोरी गुंडाळली. मी पडद्याआड तोंडात पदर कोंबून रडत होते.

एवढ्यावर घरी यायचं. पण दोधू पाटील पुढे आले आणि मनापासून म्हणाले, "रूपचंदभाई, तुमले मानं. हिनी पाठ ते बसी जायेल व्हती. कसं करं?"

"मी सोता करं," पाटील म्हणाले. "वरीसभर. मन्हा हातथीन."

"मंग दखाडा ना भाऊ. मन्ही घोडीनी बी पाठ बसेल शे."

बाज्या दोन हात अंतरावर लगाम धरून उभा होता. 'बाज्या, दाखव,' एवढं म्हटलं की काम होतं. पाटलांनी बाज्याकडे बघितलं, दोधू पाटलांकडे बघितलं, भोवती जमलेल्या पन्नास-साठ पगड्यांकडे बघितलं. आणि वाकले.

घोडीला खाली वाकवायचं तर आपला हात तिच्या गुडघ्यांमधे न्यावा लागतो आणि हात तिथं न्यायचा तर आपण वाकावं लागतं. फटीतून बघताना हा भाग त्यांच्या लक्षात आला नव्हता. शिवाय मुठीत गूळ असतो, हेही त्यांना दिसलं नव्हतं. हरणीनं ती रिकामी मूठ हुंगली आणि मान वळवून बाज्याच्या खिशाकडे नेली. पाटलांनी चिडून हात आणखी आत घातला. तेवढ्यात त्यांच्या कमरेत कट असा आवाज झाला. पगडी सुटून घोडीच्या पायांमधून पलीकडे गडगडत गेली आणि पाटील तसेच राहिले.

लोकांना वाटलं, रीत अशीच असेल. सगळे मन लावून बघत राहिले. थोड्या वेळानं दोधू पाटलांनी आदरानं विचारलं, "कितला येळ वाकानं ऱ्हास?"

पाटलांचा घाम टपटप मातीत पडत होता. मग तोंड जमिनीकडेच ठेवून ते हळू म्हणाले, "बाज्या, हात दे."

बाज्या त्यांच्या शेजारी उकिडवा बसला, हरणीजवळ बसायचा तसाच. एक हात त्यांच्या पाठीवर ठेवला. "पाटील, वढू नका. मान सैल सोडा. आंग देई तेवढंच लेवानं."

आधी एक जण हसला. मग बाजार हसला. मला हसू आलं याची मला आजही लाज वाटत नाही.

चौघांनी त्यांना तसंच उचलून दमणीत आणलं. ते येताना बघून मी आधीच खाली उतरले होते. उताणं होता येईना, पालथं होता येईना. शेवटी एका कुशीवर, गुडघे पोटाशी, तोंड गाडीच्या मागच्या बाजूला, असे ते मावले. मावल्यावर पहिलं वाक्य बोलले, "घोडी देई टाका. दोधूले द्या नाहीतर टांगावालाले द्या. मन्हा डोयाम्होरे नको."

दोधू पाटील पुढे झाले. टांगेवाल्यानं दोरी पुन्हा उलगडली. सुनेनं बोलायचं नाही. बोलले असते तरी ऐकलं कोणी नसतं.

बोलल्या त्या सासूबाई. लग्नाला तीस वर्षं झाल्यावर नवऱ्याच्या शब्दापुढे त्यांनी पहिल्यांदा शब्द टाकला, तोही अगदी साधा. "घोडी देई टाकी, ते सून घर कशी जाई?"

अडचण खरी होती. गाडी एकच. तिच्यात सासरे, म्हणून तिच्यात सून बसणार नाही. गावच्या गाड्या निघून गेलेल्या. परक्या गाडीत पाटलांची सून जाणार नाही. पायी न्यायची तर वाटेतल्या चार गावांनी पाटलांची सून यात्रेहून चालत येताना बघायची. शांतीलाल घोडीवर बसून माझी अडचण सुटत नव्हती, आणि मुळात ते बसलेच नसते. पाटलांनी डोळे मिटून हे सगळं स्वतःशी मोजलं असावं. रिवाज त्यांनीच घालून दिलेला, त्यातून वाट निघेना. निघाली ती एकच.

"बसाडा तिले," ते म्हणाले.

बाज्याबानं हाताची ओंजळ करून पायाला आधार दिला. मी एका अंगाला पाय टाकून बसले. दहाव्या वर्षानंतर आजच बसत होते, पण अंग विसरलेलं नव्हतं. गाडी पुढे, मी मागे. तापीच्या उतारात बैल पाण्यात शिरले तशी हरणी थांबली, मान लांब खाली सोडली आणि नदीला तोंड लावून पोटभर पाणी प्याली. पलीकडच्या काठावर बायका धुणं धूत होत्या. सगळ्या बघत होत्या. पाटीलही बघत होते. तोंड मागच्या बाजूला असल्यामुळे सबंध वाट त्यांना आम्ही दोघीच दिसत होतो, आणि कूस बदलता येत नव्हती.

चार गावांनी मला पाहिलं. तेव्हाच मला कळलं, की आता हरणी विकली जात नाही. विकली तर लोक म्हणणार, सून बसली म्हणून विकली, आणि मग सून बसली हा कायमचा डाग होणार. त्यापेक्षा सुनेला बसायची मुभा होतीच, असं म्हणणं पगडीला सोयीचं. तसंच झालं. पुढे महिनाभर पाटील कमरेत वाकून चालत. समोरचा माणूस त्याला रामराम समजून उलट रामराम घाली, आणि गावात त्यांच्याविषयी पहिल्यांदाच बरं बोललं गेलं.

पण हे नंतरचं. त्या दिवशी संध्याकाळी वेस आली. वेशीत सुनेनं वाहनावरून उतरायचं आणि चावडीपुढून पायी, मान खाली घालून जायचं, हा गावचा रिवाज. गाडी थांबली. सासूबाईंनी पडदा बाजूला करून माझ्याकडे बघितलं. चावडीवर पाच-सहा जण उठून उभे राहिले होते. पाटील कुशीवर पडल्या पडल्या माझ्या उतरण्याची वाट बघत होते.

सासूबाई म्हणाल्या, "पदर सांभाळ."

मी पदर सांभाळला. उतरले नाही. हरणीनं मान खाली सोडली होती, मी वर केली होती. तशाच आम्ही दोघी चावडीपुढून घरी गेलो.